विटांच्या भिंतीला लोणा लागला तर: ओलीचा माग काढण्यापासून भिंत वाळेपर्यंत

भिंतीच्या तळाशी पांढरी, मऊ लव दिसू लागते. बोट फिरवलं की हाताला पीठ लागतं. ओल्या फडक्यानं पुसलं की दोन दिवस भिंत स्वच्छ दिसते आणि मग तीच लव पुन्हा येते, बहुधा आधीपेक्षा जास्त. काही महिन्यांत रंगाला फुगे येतात, गिलाव्यावर टिचकी मारली तर तो पोकळ वाजतो. वीट उघडी असेल तर तिचे पापुद्रे सुटून जमिनीवर लाल चुरा पडायला लागतो. यालाच भिंतीला लोणा लागणं म्हणतात. लोण म्हणजे लवण, म्हणजे मीठ. नावातच निदान आहे.

पुढच्या सगळ्या पायऱ्या एका गोष्टीवर उभ्या आहेत, म्हणून ती आधीच सांगतो. क्षार स्वतःहून कुठे जात नाहीत, त्यांना पाणी वाहून आणतं. भिंतीवर जिथे पांढरं उगवलं आहे, तिथे पाण्याची वाट संपते. त्यामुळे तो पांढरा डाग आधी पुरावा म्हणून वाचायचा आणि मग साफ करायचा. मी स्वतः हे उलट केलं होतं. घरातल्या एका उघड्या विटांच्या भिंतीवरची लव धुऊन काढली आणि वर पारदर्शक सीलर मारलं. वर्षभर भिंत छान चमकली. दुसऱ्या वर्षी सीलरचा थर विटेच्या पातळ पापुद्र्यासकट सुटून पडला. त्या विटा आता कायमच्या खडबडीत झाल्या आहेत आणि ते नुकसान भरून येणारं नाही. तुमच्या भिंतीचं असं होऊ नये, म्हणून हे सगळं सविस्तर लिहितो आहे.

भिंतीच्या आत काय चाललेलं असतं

वीट आतून सच्छिद्र असते. तिची छिद्रं इतकी बारीक की दिव्याच्या वातीत तेल चढावं तसं पाणी तिच्यात चढतं. त्या पाण्यात विरघळलेले क्षार असतात. काही विटेच्या मातीतलेच, काही सिमेंटमधले, काही जमिनीतून आलेले. पाणी भिंतीच्या पृष्ठभागापर्यंत पोहोचतं आणि हवेत उडून जातं. क्षारांना उडता येत नाही, ते मागे राहून स्फटिक बनतात.

हे स्फटिक नेमके कुठे बनतात, यावर सगळं अवलंबून आहे. पाणी पृष्ठभागावर येऊन वाळलं, तर स्फटिक बाहेर उगवतात. ते दिसायला वाईट असले तरी विटेला फारशी इजा करत नाहीत. भिंत वरून बंद केली असेल, किंवा फार झपाट्यानं वाळत असेल, तर पाणी कातडीच्या आतच वाळतं आणि स्फटिक छिद्रांच्या आत वाढतात. वाढणारा स्फटिक छिद्राच्या भिंतींवर दाब देतो आणि वीट आतून फुटते. सोडियम सल्फेट हा यातला सगळ्यात खोडकर क्षार. ३२.४ अंश सेल्सिअसच्या खाली, दमट हवेत, तो पाणी धरून ठेवतो आणि त्याचं आकारमान सुमारे चौपट होतं. हवा कोरडी झाली की ते पाणी सोडतो. हवामान जितक्या वेळा पालटेल तितक्या वेळा विटेच्या पोटात हा ताण येतो. मोहेंजोदडोच्या विटा चार हजारांहून अधिक वर्षं टिकल्या, पण १९२२ पासून उत्खननात उघड्या पडल्यावर त्यांचं मुख्य दुखणं ठरलं ते हेच, भूजलासोबत चढणारे क्षार.

दुसरी जात म्हणजे हवेतलं पाणी ओढणारे क्षार. साधं मीठ हवेची सापेक्ष आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की पाझरायला लागतं. कॅल्शियम नायट्रेटला ५० ते ५५ टक्केही पुरतात, कॅल्शियम क्लोराइडला तर ३० च्या आसपास. हे ज्या भिंतीत साठले, ती भिंत पाण्याचा मूळ स्रोत बंद झाल्यावरही दमट दिवसांत ओली दिसते. ‘सगळं दुरुस्त केलं तरी ओल जात नाही’ या तक्रारीमागे बऱ्याचदा हेच असतं.

पायरी १: हे क्षारच आहेत ना, याची खात्री करा

बुरशी आणि क्षार यांत नवख्याची गल्लत होते. थोडी पांढरी पूड सुरीच्या पात्यानं खरवडून काचेच्या वाटीत घ्या आणि वर चमचाभर पाणी घाला. विरघळली तर क्षार. बुरशी विरघळत नाही, बोटांत चोळली की चिकट माखते, कुबट वास येतो आणि तिच्यात सहसा काळा, हिरवा किंवा राखाडी रंग असतो. क्षार बोटांत चुरचुरतो. चव घेऊन बघण्याचा मोह टाळा. जुन्या रंगात शिसं असू शकतं.

पूड पाण्यात विरघळली नाही, पण व्हिनेगरचा थेंब टाकल्यावर फसफसली, तर तो सिमेंट-चुन्यातून वाहून आलेला आणि हवेत घट्ट झालेला कॅल्शियम कार्बोनेट आहे. तो कठीण, चिकटलेल्या पांढऱ्या ओघळांसारखा दिसतो. दिसायला वाईट, पण विटेला घातक नाही. फक्त चाचणीची पूड विटेच्या तोंडावरून घ्या. सांध्यातला चुना तसाही फसफसतोच, त्यातून काही कळणार नाही.

घर अगदी नवं असेल आणि सगळ्या भिंतीवर हलकी, सारखी लव आली असेल, तर घाबरू नका. बांधकामात वापरलेलं पाणी बाहेर पडताना विटा आणि सिमेंटमधले क्षार सोबत आणतं. पहिल्या एक-दोन वर्षांत ते आपोआप कमी होतं. कोरड्या ब्रशनं अधूनमधून झाडत राहणं एवढाच उपाय पुरतो. या लेखातल्या पुढच्या उठाठेवी अशा भिंतीवर करू नका.

पायरी २: पाणी कुठून येतंय ते शोधा

या पायरीला सगळ्यात जास्त वेळ द्या. पेन्सिल घ्या आणि आत्ता ओल किंवा पांढरी कड जिथवर आहे, तिथे भिंतीवर हलकी रेघ ओढून तारीख लिहा. फोटो काढा. पुढचे तीन-चार आठवडे दर चार दिवसांनी रेघ तपासा आणि एका वहीत नोंद ठेवा: पाऊस झाला का, घरात कपडे वाळत होते का, खिडक्या किती वेळ उघड्या होत्या. कंटाळवाणं वाटेल, पण ही वही तुम्हाला कुठल्याही यंत्रापेक्षा जास्त सांगेल.

खालून चढणारी ओल तळमजल्याच्या भिंतींत असते. तळाशी सगळ्यात जास्त, वर जाताना कमी आणि साधारण मीटरभर उंचीवर थांबलेली. तिच्या वरच्या कडेला भरती ओसरल्यावर राहते तशी वेडीवाकडी पिवळट-पांढरी रेषा दिसते. जमिनीतून आलेले नायट्रेट आणि क्लोराइड तिथे साठतात. ओल दीड मीटरच्या वर असेल तर जमिनीवर आळ घेण्याआधी दुसरी कारणं तपासा.

पावसाची ओल बाहेरच्या भिंतींत येते, बहुधा एकाच बाजूला, आणि पावसानंतर काही तासांत किंवा दिवसांत वाढते. तुमच्या वहीत ती लगेच उघडी पडेल. खिडकीच्या खालचे कोपरे, छताची कड आणि पन्हळाच्या मागची जागा आधी बघा.

नळाची गळती ऋतूंची पर्वा करत नाही. डाग गोलसर पसरतो, बारा महिने राहतो आणि जवळपास कुठेतरी न्हाणीघर, स्वयंपाकघर किंवा पाण्याची टाकी असते. तपासणी सोपी आहे. घरातले सगळे नळ बंद करा, मीटरचं वाचन टिपा, दोन तास कुणीही पाणी वापरू नका आणि पुन्हा वाचा. आकडा हलला तर दाबाखालच्या नळात गळती आहे. सांडपाण्याचे पाइप मात्र यात पकडले जात नाहीत. त्यासाठी न्हाणीघरात रंगीत पाणी ओतून भिंतीकडे लक्ष ठेवावं लागतं.

शेवटी हवेतली वाफ. ती थंड भिंतीवर, कोपऱ्यात, कपाटामागे दवासारखी जमते. तिथे काळी बुरशी जास्त आणि क्षार कमी असतात, कारण हे पाणी भिंतीतून आलेलं नसतं. खात्रीसाठी अॅल्युमिनियमच्या फॉइलचा साधारण ४५ सेंमी चौरस तुकडा भिंतीवर ठेवा आणि चारही कडा टेपनं पक्क्या चिकटवा. एक-दोन दिवसांनी बघा. फॉइलच्या खोलीकडच्या बाजूला पाणी असेल तर वाफ, भिंतीकडच्या बाजूला असेल तर ओल भिंतीतली आहे. दोन्हीकडे असेल तर दोन्ही दुखणी आहेत, आणि तसं होतंही.

एक इशारा ओल मोजणाऱ्या यंत्राबद्दल. दोन टोकदार सुया भिंतीत टोचून आकडा दाखवणारं यंत्र पाणी मोजत नाही, ते विजेचा रोध मोजतं. त्यावरचे आकडे सहसा लाकडासाठी बसवलेले असतात. शिवाय क्षार वीज वाहून नेतात, म्हणून लोणा लागलेली भिंत जवळपास कोरडी असली तरी यंत्र लाल दिवा लावतं. तो लाल दिवा दाखवून कुणी तुम्हाला मोठं काम विकत असेल, तर थांबा. त्याच भिंतीच्या वेगवेगळ्या उंचीवरच्या वाचनांची आपसात तुलना करायला ते यंत्र चांगलं आहे, त्यापलीकडे नाही. खरं मोजमाप हवं असेल तर भिंतीत खोलवर छिद्र पाडून निघालेला भुगा आधी तोलायचा, मग वाळवून पुन्हा तोलायचा. प्रयोगशाळा हेच करते.

पायरी ३: पाण्याची वाट बंद करा

सोप्या आणि स्वस्त गोष्टींपासून सुरुवात करा. आधी बाहेर जा. भिंतीला लागून मातीचा ढीग, फुलझाडांचा वाफा किंवा नंतर घातलेली फरशी आहे का? बाहेरची जमीन जोत्यावरच्या ओलरोधक थराच्या, म्हणजे डीपीसीच्या, किमान १५ सेंमी खाली असायला हवी. वर्षानुवर्षं माती आणि फरश्यांचे थर चढत गेले की बाहेरची जमीन त्या थराच्या वर जाते आणि ओल त्याला वळसा घालून भिंतीत शिरते. माती उकरून काढणं, फरशीला भिंतीपासून बाहेर उतार देणं, पन्हळ साफ करणं, पन्हळाचं पाणी भिंतीपासून लांब सोडणं, खिडकीच्या ओट्याखाली पाणी तुटून पडायला खाच आहे ना ते बघणं. एवढ्यानंच बऱ्याच भिंती बऱ्या होतात. ही कामं दिखाऊ नाहीत, म्हणून लोक ती टाळतात आणि आतून महागडे लेप मारत बसतात.

बाहेरच्या दर्जा, म्हणजे विटांमधले सांधे, तपासा. जुनी वीट चुन्यात बांधलेली असेल आणि नंतर कुणी दर्जा सिमेंटनं भरल्या असतील, तर ते सिमेंट उकरून काढावं लागेल. सिमेंट विटेपेक्षा कठीण आणि घट्ट असतं. पाण्याला सांध्यातून बाहेर पडता येत नाही, मग ते विटेतून बाहेर पडतं आणि क्षार विटेतच साठतात. चुन्याचा सांधा मऊ असतो. झिजायचंच असेल तर आधी तो झिजतो आणि विटेला वाचवतो. सांधा रुंदीच्या दुप्पट खोल, साधारण २० ते २५ मिमी, हातानं उकरा. कटर मशीन विटांच्या कडा खाऊन टाकतं.

जमिनीतून चढणारी ओल खरोखरच सिद्ध झाली आणि भिंतीत ओलरोधक थर नाहीच, तर रासायनिक थर घालता येतो. जमिनीच्या साधारण १५ सेंमी वर, सांध्याच्या एका ओळीत १२ मिमी व्यासाची छिद्रं १२ सेंमीहून कमी अंतरावर पाडून त्यांत सिलेन-सिलोक्सेनची, म्हणजे पाणी झटकणाऱ्या रसायनाची, क्रीम भरतात. हे काम अनुभवी माणसाकडूनच करून घ्या, आणि बाकीची सगळी कारणं खोडून काढल्यावरच. त्यानं पुढचं पाणी थांबतं, आधी साठलेला क्षार जागचा हलत नाही, म्हणून पुढच्या पायऱ्या तरीही कराव्या लागतात.

पायरी ४: भिंत मोकळी करा आणि कोरडी झाडा

आधी वीज. ओल्या भिंतीतल्या सॉकेटचा प्रवाह मुख्य बटणापासून बंद करा. नाका-तोंडावर एन-९५ दर्जाचा मास्क आणि डोळ्यांवर चष्मा लावा, कारण गिलावा फोडताना उडणारी सिलिकायुक्त धूळ फुप्फुसांना वाईट. रंग खूप जुना असेल तर शिशाची चाचणी करून मगच हात लावा, आणि तो कोरडा घासू नका.

मग ऑइल पेंट, प्लास्टिक इमल्शन, पुट्टी, जिप्समचा थर, पोकळ वाजणारा गिलावा, हे सगळं काढा. गिलावा पांढऱ्या रेषेच्या निदान ३० सेंमी वरपर्यंत काढावा, कारण क्षार दिसतात त्याच्या पुढेही पसरलेले असतात. पडलेला मलबा त्याच दिवशी घराबाहेर न्या. तो क्षारांनी भरलेला आहे. जमिनीवर पडून राहिला आणि भिजला की क्षार पुन्हा भिंतीत शिरतात.

आता झाडणं. मऊ, गवती किंवा नायलॉनचा ब्रश घ्या. वरून खाली झाडा आणि दुसऱ्या हातानं व्हॅक्यूम क्लीनरची नळी ब्रशच्या खाली धरा. तारेचा ब्रश वापरू नका. तो भट्टीत तयार झालेलं विटेचं कठीण तोंड खरवडतो आणि तुटलेल्या तारांच्या कणांचे गंजाचे डाग पडतात. कोरड्या हवेचा दिवस निवडा. दमट दिवशी क्षार अर्धवट विरघळलेले असतात, ब्रशला येत नाहीत.

पाण्यानं धुऊ नका, हे पुन्हा सांगतो. धुतल्यावर क्षार नाहीसा होत नाही, पाण्यात विरघळून विटेत परत जातो आणि भिंत वाळली की बाहेर येतो. डिटर्जंट पावडर तर नकोच. तिच्यात सोडियम सल्फेट आणि सोडियम कार्बोनेट भरलेलं असतं, म्हणजे आपण भिंतीला नवा क्षार देतो. ब्लीच वाळल्यावर मागे मीठ ठेवतं. फरशी साफ करायचं हायड्रोक्लोरिक अॅसिड चुन्याचे सांधे खातं, विटेतल्या लोहाचे तपकिरी डाग वर आणतं आणि क्लोराइड मागे सोडतं, त्या हवेतलं पाणी ओढणाऱ्या जातीतले. अॅसिड आणि ब्लीच एकत्र आले तर क्लोरीनचा विषारी वायू सुटतो, तेवढं तर कधीच होऊ देऊ नका. पायरी १ मध्ये सांगितलेले कार्बोनेटचे कठीण ओघळ काढायचे असतील, तर लाकडी किंवा प्लास्टिकच्या पट्टीनं हळूहळू खरवडणं बरं.

पायरी ५: वाळू द्या

यात करण्यासारखं थोडं आणि थांबण्यासारखं खूप आहे. भिंत वाळण्याचा जुना हिशोब असा: पाण्याची वाट बंद झाल्यापासून दर २५ मिमी जाडीला साधारण एक महिना. म्हणजे २३ सेंमीच्या भिंतीला नऊ महिने, तेही हवा खेळती असेल तर. जाड भिंतींना वर्ष-दीड वर्ष सहज लागतं. हा आकडा ऐकून निराश व्हायला होतं, मला ठाऊक आहे. पण दोन महिन्यांत रंग लावून आठव्या महिन्यात तो खरवडण्यापेक्षा हे सोपं आहे.

खिडक्या उघड्या ठेवा, सामान भिंतीपासून हातभर लांब सरकवा, शक्य असेल तर पंखा मंद गतीनं चालू ठेवा. हीटर भिंतीवर रोखू नका आणि ओल शोषणारं यंत्र दिवसरात्र पूर्ण जोरानं चालवू नका. घाईनं वाळवलं की पाणी पृष्ठभागाच्या आतच वाळतं, स्फटिक आत वाढतात आणि विटेचं तोंड उडतं. खोलीची आर्द्रता ५० ते ६० टक्क्यांच्या आसपास स्थिर राहिली तर उत्तम. चढउतार जितके कमी, तितकं विटेला बरं.

या महिन्यांत भिंतीवर पांढरं उगवणं थांबणार नाही, उलट सुरुवातीला वाढेल. नवखा माणूस इथे हातपाय गाळतो. अर्थ उलटा आहे: पाणी बाहेर पडतंय आणि क्षार घेऊन येतंय. दर आठवड्याला कोरडं झाडत राहा आणि पूड गोळा करून टाका. जेवढी झाडाल, तेवढी भिंतीतून कायमची गेली. पेन्सिलच्या रेघा आणि वही चालू ठेवा.

पायरी ६: क्षार ओढून काढणारा लेप

भिंत बरीचशी वाळली, तरीही क्षार येतच राहिले किंवा दमट दिवसांत डाग ओले दिसू लागले, तरच या पायरीला हात घाला. पाण्याची वाट चालू असताना लेप लावला तर तो नवनवे क्षार ओढत राहील आणि काम कधी संपणार नाही.

कल्पना साधी आहे. भिंतीवर ओला, विटेला घट्ट चिकटणारा लेप द्यायचा. पाणी आत शिरून क्षार विरघळवतं. मग लेप बाहेरून वाळतो, पाणी लेपाच्या दिशेनं ओढलं जातं आणि क्षार भिंतीऐवजी लेपात स्फटिक बनतात. मोहेंजोदडोच्या भिंतींवरही ओल्या मातीचे लेप याच कामासाठी दिले गेले.

लेपासाठी केओलिन किंवा तशी बारीक पांढरी माती, धुतलेली वाळू आणि कागदाचा लगदा एकत्र करा. लगद्यासाठी छपाई नसलेला, साधा कागद भिजवून कुटा. पाणी डिस्टिल्ड घ्या. नळाच्या पाण्यातही क्षार असतात आणि इथे आपण तेच कमी करायला निघालो आहोत. घट्ट दह्यासारखा मऊ लेप झाला की आधी भिंतीवर डिस्टिल्ड पाणी फवारा, मग थापीनं १ ते २ सेंमी जाड लेप दाबून लावा. लेप आणि वीट यांच्यामध्ये हवेची पोकळी राहिली तर तेवढ्या जागी काहीच काम होत नाही. पहिल्यांदा हातभर जागेवरच करून बघा.

लेप वाळायला हवेनुसार आठवडा ते तीन आठवडे लागतात. तो आकसतो, तडकतो आणि सुटायला लागतो. मग लाकडी पट्टीनं काढा आणि फेकून द्या, पुन्हा भिजवून वापरू नका.

किती फेऱ्या लागतील हे मोजता येतं, आणि मला या सगळ्या कामात हाच भाग सगळ्यात समाधान देणारा वाटतो. काढलेल्या लेपाचा १० ग्रॅम तुकडा १०० मिलिलिटर डिस्टिल्ड पाण्यात तासभर ढवळून ठेवा, निवळू द्या आणि वरच्या पाण्यात टीडीएस मीटर, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार दाखवणारं छोटं यंत्र, बुडवा. न वापरलेल्या लेपाचंही असंच वाचन आधी घेऊन ठेवा. पहिल्या फेरीचा आकडा मोठा येईल, दुसऱ्या फेरीचा उतरेल. फेरीगणिक आकडा उतरायचा थांबला की लेपाचं काम संपलं. साधारण दोन-तीन फेऱ्या पुरतात. सगळा क्षार कधीच निघत नाही, पृष्ठभागाजवळचा निघाला तरी वीट वाचते.

पायरी ७: गिलावा आणि रंग

भिंत उघडी ठेवणार असाल तर आतल्या दर्जा चुन्यानं भरा आणि तिथेच थांबा. सीलर, वार्निश, जवस तेल, चकाकी आणणारा कुठलाही थर नको. क्षार असलेल्या विटेवर पाणी झटकणारा थर दिला की क्षार त्या थराच्या मागे साठतात, आणि त्याचा शेवट मी वर सांगितलाच आहे.

गिलावा करायचा असेल तर चुन्याचा करा. एक भाग विरवून मुरवलेला चुना आणि तीन भाग धुतलेली, कडक कणांची वाळू. वाळू समुद्राची किंवा खाऱ्या जागेची नसावी, कालवायचं पाणीही गोडं असावं. चुना कातडी आणि डोळे भाजतो. हातमोजे घाला, डोळ्यांवर चष्मा ठेवा आणि जवळ स्वच्छ पाणी असू द्या. थर पातळ द्या, एका वेळी १० मिमीच्या आसपास. पहिला थर घट्ट झाल्यावर दुसरा. गोणपाट ओलं करून समोर टांगा आणि काही दिवस गिलावा एकदम वाळू देऊ नका. गिलावा जमिनीला टेकवू नका. खाली दोन-तीन सेंमी फट ठेवा, नाहीतर फरशी पुसतानाचं पाणी त्यातून वर चढेल.

असा गिलावा सच्छिद्र असतो. भिंतीत उरलेले क्षार विटेऐवजी त्याच्यात येऊन बसतात. काही वर्षांनी तो खराब झाला तर काढून नवा करायचा. त्यानं आपलं काम केलेलं असतं. नव्या मालकाला किंवा गवंड्याला हे सांगून ठेवा, नाहीतर तो ‘कमजोर’ गिलावा काढून तिथे सिमेंट लावेल. सिमेंटच्या गिलाव्यामागे ओल अडकते आणि वाट शोधत आणखी वर चढते. पीओपी आणि जिप्सम ओलीत मऊ पडतात, ते या भिंतीवर नकोतच.

रंग चुन्याचा किंवा सिलिकेटचा द्या, वाफ आरपार जाऊ देणारा. चुन्याचे तीन ते पाच पातळ हात, दोन हातांमध्ये एक दिवस, आणि प्रत्येक हाताआधी भिंत थोडी ओलसर करून. पहिला हात इतका पातळ असावा की लावल्यावर जवळपास दिसूच नये. वाळला की तो पांढरा उठतो.

भिंतीला टेकून कपाट उभं करू नका, मागे निदान पाच-सात सेंमी जागा ठेवा. पुढचा पावसाळा संपला की जुनी वही काढा, त्याच उंचीवर भिंत हातानं चाचपून बघा आणि नवी तारीख टाका.